४४१७ चं दुसरं मॅगझिन

फोल्कमार डिट्सेलला त्या मॅगझिनपासून किती फायदा व्हायचा होता, ते आधी मांडलेलं बरं.

त्याच्याकडचं पिस्तूल १९१३ सालचं, बर्लिनच्या कारखान्यातलं. जग त्याला ल्यूगर म्हणतं, सूल गावात नुसतं 'शून्य-आठ' म्हणतात. तिथल्या बाजारभावाने ते सोळाशे युरोंचं. नळी, खटका, पिना, मुठीच्या लाकडाची आतली बाजू, सगळीकडे एकाच नंबराच्या खुणा होत्या, म्हणून सोळाशे. एखादा तुकडा परका निघाला असता तर आठशेसुद्धा कोणी दिले नसते. मुठीत खालून सरकवायचं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची चपटी नळी, तेही त्याच नंबराचं होतं, म्हणून आणखी चारशे. पण कैसरच्या सैन्यात पिस्तुलाबरोबर मॅगझिनं मिळत दोन. दुसऱ्याच्या लाकडी बुडावर नंबराशेजारी बारीक अधिकाची खूण असे, आणि ते राही पिस्तुलाच्या चामडी पाकिटाच्या कडेला शिवलेल्या खिशात. ते दुसरं सापडलं असतं तर किंमत साडेतीन हजार. म्हणजे वीतभरही नसलेल्या पत्र्याच्या नळीमागे दीड हजाराची कमाई, आणि फोल्कमारच्या मनात ती नळी चाळीस युरोंच्या वर घ्यायची नव्हती.

हा हिशोब तो बायकोला सांगायचा, पिस्तूल-संग्राहकांच्या संघातल्या दोस्तांना सांगायचा, कधीकधी आरशातही सांगायचा. त्यात एकच गोची होती. पिस्तूल विकायचा त्याचा बिलकूल विचार नव्हता. तेव्हा दीड हजार कुठून येणार होते?

खरं दुखणं वेगळं होतं. दर रविवारी बटाट्याचे गोळे आणि भाजलेलं मांस पोटात गेलं की तो लोखंडी कपाट उघडायचा, चामडी पाकीट टेबलावर घ्यायचा आणि कडेच्या खिशात अंगठा घालायचा. नव्वद वर्षांपूर्वीच्या चामड्याने आतल्या नळीचा आकार अजून धरून ठेवला होता. खिसा बाहेरून फुगीर, आतून पोकळ. कोणी जागेवरून उठून गेलं आणि गादीवर खळगा राहिला, तसा.

"घातलास अंगठा?" स्वयंपाकघरातून गुंडुला ओरडायची. "आहे का कोणी घरात?"

"नाही."

"मग बंद कर आणि भांडी पुसायला ये."

गुंडुलाशी त्याचा संसार बेचाळीस वर्षांचा. त्यातली पहिली अठ्ठावीस पूर्व जर्मनीत गेली. फोल्कमार बंदुकांच्या कारखान्यात तपासनीस होता. रोज दोनशे शिकारी बंदुका त्याच्या हातांखालून जायच्या, आणि संध्याकाळी फाटकावर पहारेकरी त्याचे खिसे चाचपायचा. ज्या गावाने चारशे वर्षं सगळ्या युरोपला हत्यारं घडवून दिली, त्या गावात साध्या माणसाने घरी बंदुकीचा एक गंजका घोडा ठेवला तर तुरुंग. असं असलं की ओढ कशी वाढते, ते सांगायला नको. सूलमधले पुरुष जुन्या पिस्तुलांबद्दल असं बोलायचे, जसं इतर गावांतले पुरुष इटलीबद्दल बोलायचे. बघितलेलं कोणी नाही, आणि माहिती मात्र सगळ्यांना पाठ.

बर्लिनची भिंत पडली तेव्हा फोल्कमारने पश्चिमेची मोटार घेतली नाही. संग्राहकांना मिळतो तो लाल परवाना काढला. परवान्यावर विषय लिहावा लागतो, त्याने लिहिला: 'जर्मन सैन्याची पिस्तुलं, १९१८ पर्यंत.' त्र्याण्णव साली कासेलला जुन्या हत्यारांच्या जत्रेत एका डच व्यापाऱ्याकडून हे पिस्तूल घेतलं. व्यापारी म्हणाला, अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या सैनिकाच्या घरातून आलंय. नंबर ४४१७, पुढे 'ए'. तेव्हापासून दहा वर्षं तो त्या दुसऱ्या मॅगझिनच्या मागे होता.

या लोकांत एक रिवाज आहे. संघाच्या त्रैमासिकात मागच्या चार पानांवर नंबरांच्या याद्या छापतात. 'आहे' या मथळ्याखाली ज्यांच्याकडे मॅगझिन आहे पण पिस्तूल नाही ते, 'हवं' खाली ज्यांच्याकडे पिस्तूल आहे पण मॅगझिन नाही ते. घरोघर लोक लॉटरीच्या निकालासारखे ते नंबर वाचतात. शहाणी माणसं नंबराबरोबर कारखाना आणि सालही लिहितात. कारण उघड आहे. प्रत्येक कारखाना दर वर्षी नंबर पुन्हा एकपासून सुरू करायचा. बर्लिनचं ४४१७ ए निराळं, एरफुर्टचं निराळं.

फोल्कमार हे सगळं जाणून होता. तो तर संघाचा मान्यताप्राप्त परीक्षक. पण यादीत त्याने फक्त नंबर दिला होता. कारखाना नाही, साल नाही.

"पूर्ण लिही की," गुंडुला म्हणाली होती.

"पूर्ण लिहिलं तर समोरच्याला कळतं की मागे सगळ्या नंबरांचं पिस्तूल आहे. मग तो पाचशे मागतो. नुसता नंबर बघितला की त्याला वाटतं, असेल कोणी हौशी म्हातारा."

"आहेसच की."

"तेच म्हणतोय. मग चाळीसला देतो."

दहा वर्षांत चाळीस युरोंना काय, चारशेलाही कोणी दिलं नाही. आणि २००३ च्या सप्टेंबरात पत्र आलं.

पत्र श्लॉयझिंगनहून होतं, बसने अर्ध्या तासावरून. अक्षर शाळेत घोटवून घेतलेलं, जुन्या वळणाचं. 'आपण ४४१७ ए, अधिकाची खूण असलेले, शोधत आहात असे वाचले. आमच्या शेजारच्या शिकाऱ्याने रानडुकराचे मांस ज्या कागदात बांधून दिले, त्यावर आपली सूचना होती. ते अठ्ठावन्न वर्षे माझ्याकडे आहे. विकायचे नाही. जागेवर ठेवायचे आहे. गुरुवारी दुपारी दोनला पोचणाऱ्या बसने येईन. कॉफी करू नये. इर्मट्राउड लांगूट, निवृत्त, शाळेचे स्वयंपाकघर.'

फोल्कमारने ते पत्र सात वेळा वाचलं. 'विकायचे नाही' वाचून तो पत्र खाली ठेवायचा आणि 'जागेवर ठेवायचे आहे' आठवून परत उचलायचा. गुरुवारपर्यंत त्याने पाकिटाला दोनदा मेण लावलं. दाढी दिवसातून दोनदा केली नाही एवढंच.

फ्राऊ लांगूट (तिकडे बाईंना फ्राऊ म्हणतात, बाप्यांना हेर) सव्वादोनला दारात उभ्या. सहासष्ट वर्षांच्या, ठेंगण्या, पायपुसण्यावर बूट तीनदा घासणाऱ्या. गुंडुलाने टेबल मांडून ठेवलं होतं. आलुबुखाराचा केक, मलई, चांगल्या कपबश्या.

"कॉफी करू नये असं मी लिहिलं होतं."

"लिहिलं होतंत," गुंडुला म्हणाली. "पण केकला वाचता येत नाही. बसा."

त्या बसल्या, पण पर्स मांडीवर धरून. "आधी पिस्तूल दाखवा, हेर डिट्सेल."

त्याने ते हिरव्या कापडावर ठेवलं, शेजारी पाकीट. बाईंनी हात लावला नाही. मान जरा पुढे केली आणि दुकानात महागडी वस्तू बघावी तसं बघत राहिल्या.

"लहान आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या आठवणीत मोठं होतं."

"तुम्ही तेव्हा लहान होतात."

"आठ वर्षांची." मग पर्स उघडली. आतून बाहुलीची विणलेली झोपायची पिशवी काढली. निळी, कडेला उसवलेली, बारीक बटणांची. पिशवीतून मॅगझिन काढून त्यांनी त्याच्या तळहातावर ठेवलं.

फोल्कमारने बूड वर केलं. काळपट लाकूड. ४४१७. खाली 'ए'. शेजारी अधिकाची खूण, नीट, सरळ. दहा वर्षं डोळे मिटल्यावर दिसायचं तसंच.

आणि मग त्याला मुकुट दिसला.

मोहरीच्या दाण्याएवढा, नंबराच्या जरा वर. मुकुट आणि त्याखाली एक अक्षर. एरफुर्टचा सरकारी कारखाना. तिथले तपासनीस जी वस्तू हातात येईल तिच्यावर शिक्का मारायचे. बर्लिनचा खाजगी कारखाना मॅगझिनच्या नादाला लागायचा नाही. संघातल्या नवशिक्यांना फोल्कमार स्वतः शिकवायचा: नंबर कोणाचाही कोणाशी जुळतो पोरांनो, आधी मुकुट बघा. हे मॅगझिन एरफुर्टच्या कुठल्यातरी ४४१७ चं भावंड होतं. टेबलावरच्या पिस्तुलाशी त्याचं नातं एवढंच, की दोघांचा नंबर एक.

त्याने बोलायला तोंड उघडलं. पण बाईंनी बोलायला सुरुवात केली होती, आणि अठ्ठावन्न वर्षं साठवलेलं बोलणारं माणूस मध्ये थांबत नाही.

"बाबा पहिल्या महायुद्धात सार्जंट होते, मशीनगनच्या तुकडीत. मग टपाल कचेरीत. हे पिस्तूल आमच्या कपाटात वरच्या फळीवर असायचं. पंचेचाळीसच्या एप्रिलमध्ये अमेरिकन आले. गावात घंटा वाजवत माणूस फिरला, सगळी हत्यारं नगर कचेरीत जमा करा, नाहीतर गोळी. सगळ्यांनी जमा केली. फॉर्म होता. बाकीच्यांनी काय लिहिलं? 'पिस्तूल एक.' सही, संपलं. माझ्या बापाने लिहिलं: पिस्तूल एक, सोबत मॅगझिने दोन, पैकी एक जमा, एक सापडत नाही."

"अरे देवा," गुंडुला म्हणाली. "पण विचारलं होतं कोणी?"

"फॉर्मवर 'सोबतचे साहित्य' असा रकाना होता, फ्राऊ डिट्सेल. रकाना रिकामा सोडणं बाबांना जमत नसे. माझ्या वाढदिवसाच्या पत्रावरसुद्धा तारीख, वेळ आणि हवामान घालायचे."

फोल्कमार हसला नाही. त्याच्या हातात मॅगझिन गरम व्हायला लागलं होतं.

"अमेरिकनाने फॉर्म वाचलाही नाही. पिस्तूल आवडलं, कमरेला लावलं. मला संत्रं दिलं. जुलैमध्ये ते गेले, रशियन आले, आणि फॉर्म कपाटात तसेच. त्यांच्यातल्या एकाला जर्मन चांगलं वाचता येत होतं. तो घरी आला. म्हणाला, दुसरं कुठे आहे? बाबा म्हणाले, लिहिलंय तेच, सापडत नाही. तो म्हणाला, पिस्तूल दिलं आणि मॅगझिन ठेवलं, म्हणजे आणखी एक पिस्तूल आहे. दोन दिवस घर उकरलं. जमिनीच्या फळ्या काढल्या. आईचं लोणच्याचं पिंप ओतून बघितलं."

"आणि हे?" फोल्कमारने हातातलं मॅगझिन जरा वर केलं.

"हे बाहुलीच्या अंगाखाली. लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात मी पाकिटातून काढलं होतं. थंडीत गार असायचं, हातात धरलं की हळूहळू गरम व्हायचं. बाबांच्या कोटाचा वास यायचा त्याला. बाहुलीचा नवरा होता तो." बाईंनी टेबलक्लॉथवरचा नसलेला कण झटकला. "मला ठाऊक होतं ते काय शोधतायत. पण चोरलं म्हणून बाबा रागावतील, याची भीती जास्त. त्यांना ट्रकमध्ये घालून नेलं, तेव्हाही मी विचार केला, परत आले की सांगेन."

गुंडुलाने केकचा तुकडा त्यांच्या बशीत ठेवला, विचारल्याशिवाय.

"नव्वदनंतर कागद आला. रशियनांच्या छावणीत मृत्यू, फेब्रुवारी सत्तेचाळीस. त्यावर सगळे रकाने भरलेले होते." मग त्यांनी फोल्कमारकडे सरळ बघितलं. "मला पैसे नकोत. हे आत ठेवायचं आहे, बस. फॉर्मवर लिहिलंय सापडत नाही. आता सापडलं. हेर डिट्सेल, हे तेच ना? याच पिस्तुलाचं?"

"भिंग आणतो," फोल्कमार म्हणाला आणि उठला.

गुंडुलाने नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं. हा माणूस चालत्या बसमधून समोरच्या शिकाऱ्याच्या खांद्यावरच्या बंदुकीचं साल सांगायचा. भिंगाची त्याला गरज पडायची ती फक्त वेळ काढायला.

आतल्या खोलीत भिंग खणातच होतं. तो खण उघडून उभा राहिला. नाही म्हटलं, तर काय? तर ती नळी पुन्हा बाहुलीच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये, पर्स पावणेचारच्या बसमध्ये. आणि सहासष्ट वर्षांच्या बाईने एरफुर्टचं एक पिस्तूल अमेरिकेच्या पन्नास राज्यांत शोधत बसायचं, जिथे ते बहुधा कोणाच्या तरी धान्याच्या कोठारात हातोडी म्हणून वापरलं जात असेल. हो म्हटलं, तर ती मोकळी. आणि हो म्हटलं, तर खिसा भरला.

इथेच त्याचं गाडं अडलं. भलेपणा म्हणत होता हो म्हण, आणि हावही म्हणत होती हो म्हण. दोघं एकाच बसमध्ये, एकाच बाकावर, तिकीटही एकच. आपण कोणाचं ऐकतोय हे ओळखायचं कसं? चौतीस वर्षं त्याने पोलादातले केसाएवढे तडे ओळखले होते. हे त्याला ओळखता येईना. आणि या सगळ्याच्या खाली एक बारकी टाचणी टोचत होती: यादीत 'बर्लिन, १९१३' हे दोन शब्द लिहिले असते, तर ही बाई आलीच नसती. आपल्या चाळीस युरोंच्या हुशारीने तिला इथवर आणलं होतं.

तो भिंग घेऊन बाहेर आला. बुडावर धरलं. मुकुट केवढा मोठा दिसला.

"हेच," तो म्हणाला.

"नीट बघितलंत?"

"बघितलं."

बाईंनी पाकीट पुढे ओढलं. कडेचा खिसा त्यांच्या बोटांना आपोआप सापडला. मॅगझिन आत सरकवलं. कुठल्याही कारखान्याचं असो, माप एकच. नव्वद वर्षांच्या त्या फुगीर चामड्याने ते काही न विचारता आत घेतलं. त्यांनी वरून तळहात फिरवला, पीठ थापल्यावर फिरवतात तसा, आणि बराच वेळ हात तिथेच राहू दिला.

"झालं," त्या म्हणाल्या. मग घसा साफ केला. "आता पावती."

"कसली पावती?"

"जमा केल्याची. पहिल्याची बाबांना मिळाली होती. दुसऱ्याची राहिली." पर्समधून त्यांनी तपकिरी पडलेला कागद काढला, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला. नगर कचेरीचा गोल शिक्का, ओटोमार लांगूटची सही, आणि रकाने. नंबर ४४१७ ए. कारखान्याचा रकाना त्या फॉर्मवर नव्हता. असता तर ओटोमारने तो भरला असता, आणि आजची दुपार कोणाच्याच वाट्याला आली नसती.

फोल्कमारने वहीतलं पान फाडलं. एखाद्या दुःखी बाईला चार ओळी लिहून दिल्या, त्यात काय मोठं, असं त्याने मनाशी म्हटलं. त्याने लिहिलं: 'फ्राऊ लांगूट यांच्याकडून एक मॅगझिन मिळाले.' आणि सही केली.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. "'मिळाले' नको. मिळाले म्हणजे तुम्हाला भेट दिली असं होतं. 'जमा झाले' लिहा. आणि कशाचं ते लिहा. पिस्तूल क्रमांक ४४१७ ए चे."

त्याने दुसरं पान घेतलं. लिहिलं.

"खाली लिहा, 'संच पूर्ण.'"

पेन थांबलं. हे दोन शब्द बाजारात दीड हजारांचे होते. आणि ते लिहायचा अधिकार सगळ्या थुरिंगिया प्रांतात ज्या तीन माणसांना होता, त्यांतला एक इथे बसला होता.

"लिही की," गुंडुला हळूच म्हणाली. तिला अजून काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त बाई दिसत होत्या.

त्याने लिहिलं.

"आणि शिक्का. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मान्यताप्राप्त परीक्षकांची यादी होती, तीत तुमचं नाव. म्हणजे शिक्का असणार."

"बाई, साध्या पावतीला शिक्का लागत नाही."

"बाबांच्या पावतीला आहे," फ्राऊ लांगूट म्हणाल्या. त्यांच्या आवाजात हट्ट नव्हता. लहान मुलीने सगळं जसंच्या तसं मागावं, तेवढंच होतं.

शिक्का खणात असायचा, पत्र्याच्या डबीत. बारा वर्षांत त्याने तीनशेचाळीस प्रमाणपत्रांवर तो उठवला होता, आणि एकही खोटं ठरलं नव्हतं. आइसफेल्डच्या एका माणसाने मॅगझिनवरचा नंबर घासून नवा ठोकला, तेव्हा फोल्कमारनेच त्याला सगळ्यांदेखत संघाबाहेर काढलं होतं. तो माणूस जाताना म्हणाला होता, "विकायला नव्हतं केलं रे, बघायला केलं. एकदा पूर्ण बघायचं होतं." तेव्हा सगळे हसले होते. फोल्कमार सगळ्यांत मोठ्याने.

शिक्का शाईवर दाबला, मग कागदावर. जरा तिरका उठला, पण स्पष्ट.

बाईंनी दोन्ही पावत्या एकीवर एक ठेवल्या, कडा जुळवल्या, घडी घातली आणि पर्स मिटली. बाहुलीची पिशवी टेबलावरच राहिली होती. ती उचलून त्यांनी जरा पाहिली आणि कोटाच्या खिशात टाकली. मग खुर्ची पुढे घेतली.

"आता कॉफी चालेल," त्या म्हणाल्या, आणि केकचे दोन तुकडे मलईसकट खाल्ले.

त्या गेल्यावर गुंडुला कपबश्या गोळा करत म्हणाली, "काय माणूस होता तो बाप! एका रकान्यासाठी!" मग नवऱ्याकडे बघून थांबली. "भिंग कशाला आणायला गेलास रे?"

"मॅगझिन एरफुर्टचं आहे."

"आणि आपलं?"

"बर्लिन."

तिने कपबश्या परत खाली ठेवल्या. "तू मला सांगायचं होतंस."

"तू म्हणालीस, लिही."

"मी काय, मी दरवेळी लिही म्हणते. यादीतसुद्धा पूर्ण लिही म्हटलं होतं, तेव्हा ऐकलंस?" ती चिडली होती, मग चिडणं संपलं आणि ती त्याच्याशेजारी बसली. "ती झोपेल आज, एवढं नक्की. अठ्ठावन्न वर्षांनी."

"हो."

"आणि तुला हवं होतं ते तुला मिळालं. फुकट."

पाकीट समोर होतं, खिसा भरलेला, चामडं गच्च. दहा वर्षं ज्या दुपारची त्याने वाट बघितली, ती हुबेहूब अशीच दिसायची होती. केकचा वाससुद्धा. फक्त एक परकं भावंड आत बसलं होतं, आणि ज्याची जागा होती ते कुठेतरी बाहेर, कोणाच्यातरी माळ्यावर, टोपलीत, समुद्रापार, अजून होतं. आता ते आलं तर त्याला बसायला जागा नव्हती. एरफुर्टचं काढून ठेवायचं म्हटलं, तर बाईंचा वरून फिरलेला तळहात आठवायचा. तो काढायला दोनदा गेला, दोनदा परत आला.

सोमवारी त्याने शिक्का डबीसकट संघाच्या अध्यक्षांना पोस्टाने पाठवला. कारण लिहिलं, 'नजर कमी झाली आहे.' अध्यक्षांचा फोन आला. "अरे फोल्कमार, नजर गेली तर मोठं भिंग घे! तुझ्याशिवाय मुकुट कोण ओळखणार?" फोल्कमार म्हणाला, "मुकुट दिसतो रे. दिसल्यावर काय करायचं, ते कळेनासं झालंय." अध्यक्षांना हा विनोद वाटला. वर त्याने आइसफेल्डच्या माणसाला परत घ्या म्हणून चिठ्ठी लिहिली, तेव्हा मात्र संघात सगळ्यांनी ठरवलं की डिट्सेलची नुसती नजरच गेली नाही, वरचा मजलाही गळायला लागला. पुढच्या अंकात 'हवं' च्या यादीतून त्याची ओळ काढलेली होती. कासेलच्या जत्रेला तो अजून जातो. मॅगझिनांनी भरलेल्या टोपल्यांपाशी उभा राहतो, एखादं उचलतो, बूड वर करतो, आणि नंबर वाचायच्या आधी खाली ठेवून देतो.

फ्राऊ लांगूटचं नाताळात कार्ड आलं. त्यावर तारीख, वेळ आणि हवामान होतं.

तर पैशांत बघायला गेलं, तर या सगळ्यात गेले ते बसचे जाऊन-येऊन सात युरो वीस, आणि ते फ्राऊ लांगूटनी आनंदाने दिले. ओटोमार लांगूटने एका रकान्यात एक खरी ओळ लिहिली. तिची किंमत त्याने दीड वर्षात चुकती केली आणि उरलेली त्याची मुलगी अठ्ठावन्न वर्षं फेडत राहिली. फोल्कमार डिट्सेलने एका पानावर एक खोटी ओळ लिहिली, तिने मुलीची बाकी फिटली. त्या ओळीची किंमत तो एकटा देतोय, अजून देतोय, आणि पावती त्याच्यापाशी नाही. ती श्लॉयझिंगनला आहे.